शंभर टक्के म्हणजे कितीपैकी? शाळा-कॉलेज पारखायची माझी रीत

जूनमध्ये माझ्या दुकानात पंख्याखाली उभं राहायला जागा नसते. दुकान म्हणजे सेवा केंद्र. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, आणि या दिवसांत ॲडमिशन. दारव्हा तालुक्यात, आमच्या गावच्या एसटी थांब्यासमोर. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणून सगळ्यांना वाटतं की अजून वेळ आहे, आणि मग सगळे एकाच आठवड्यात येतात. फॉर्म भरता भरता प्रश्न ठरलेला : "ताई, पोरीले कुठं टाकू? तुमी त रोज पाह्यता."

गेल्या वर्षी एक काकाजी आले. हातात चार घड्या केलेलं एका शाळेचं रंगीत पत्रक. वर मोठ्या अक्षरांत, दहावीचा निकाल १०० टक्के. "आता याच्याहून जास्त काय पाह्यजे?" मी पत्रकावरचे फोटो मोजले. अकरा. विचारलं, "काकाजी, हीच पोरं आठवीत असताना वर्गात किती होती?" त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण त्यांचा भाचा त्याच वर्गातला निघाला. तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, एकोणीस.

मग आठ गेले कुठे? दोघांनी गाव बदललं. एक पुण्याला मामाकडे गेला. उरलेल्या पाच जणांच्या घरी नववीनंतर निरोप गेला होता की पोरगं कच्चं आहे, यंदा सतरा नंबर भरा. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाला बसणं. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी ही सोय फार चांगली आहे, मी स्वतः कितीतरी बायांचे असे फॉर्म भरलेत. पण शाळेतल्याच कच्च्या पोराला तिकडे ढकललं की ते शाळेच्या नियमित निकालात दिसत नाही. अकरा बसले, अकरा पास. शंभर टक्के खोटे नव्हते, फक्त अकरापैकी होते.

काकाजी पत्रकाकडे पाहत राहिले. म्हणाले, "माह्यं पोरगं त या पाचासारखंच कच्चं हाये."

तर पहिली गोष्ट हीच. कुणी टक्का सांगितला की कितीपैकी, ते विचारायचं. नुसतं परीक्षेला किती बसले हे नाही, तर त्या वर्गात सुरुवातीला किती शिरले होते. दहावीसाठी आठवीचा पट, बारावीसाठी अकरावीचा, पदवीसाठी प्रथम वर्षाचा. शाळा सांगत नसेल तर त्या वर्गातलं कुणीही पोरगं सांगतं. पोरांना सगळ्यांची नावं पाठ असतात, सोडून गेलेल्यांचीही.

दुसरी गोष्ट आमच्यासारख्या छोट्या शाळांची. अकरा पोरांच्या वर्गात एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की निकाल ९१ टक्क्यांवर येतो. लगेच गावात बोंब, शाळा घसरली. शाळा घसरली नाही, वर्ग लहान आहे. शहरातल्या दोनशे पोरांच्या शाळेत एक पोरगं अर्धा टक्का हलवतं, इथं नऊ. म्हणून छोट्या शाळेचं एका वर्षाचं काही धरू नये. तीन-चार वर्षांचे शिरलेले एकत्र करा, पास झालेले एकत्र करा, मग बोला. आणि आणखी एक ध्यानात असू द्या. दहावीत शंभरातले वीस गुण तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, म्हणजे शाळेच्याच हातचे. पास व्हायला लागतात पस्तीस. हिशेब तुम्हीच करा.

वावर कोणाचं, बियाणं कोणाचं

ही गोष्ट समजवायला मला वावरच लागतं. दोघांनी एकच बियाणं पेरलं. एकाची काळी कसदार जमीन, विहीर भरलेली. दुसऱ्याचा मुरमाड उतार, पाणी वरच्यावरच. दिवाळीला पहिल्याच्या पऱ्हाटीला बोंडंच बोंडं. आता कौतुक बियाण्याचं करायचं की जमिनीचं? शेतकरी यात फसत नाही. तोच शेतकरी शाळेच्या बाबतीत रोज फसतो.

जी शाळा प्रवेश परीक्षा घेऊन पोरं निवडते, किंवा जिची फीच अशी की नोकरदारांचीच पोरं येतात, तिचा निकाल चांगला लागणारच. अमेरिकेत जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६६ साली लाखो मुलांचा अभ्यास सरकारला दिला, त्यात हेच निघालं होतं. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त बांधलेला होता. शाळेने काहीच फरक पडत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. शाळेने काय केलं हे पाहायचं असेल तर पोरगं आत शिरताना कुठं होतं आणि बाहेर पडताना कुठं पोचलं, हे अंतर मोजावं लागतं.

मग खरी तुलना कशी करायची? सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे चिठ्ठी. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी १८० गावांत तसंच केलं. ज्या आईबापांना पोरं खासगी शाळेत टाकायची होती त्यांचे अर्ज घेतले, चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची फी योजनेने भरली, ज्यांची नाही निघाली ती पोरं बहुतेक सरकारी शाळेतच राहिली. म्हणजे दोन्हीकडे घरं सारखी, हौस सारखी. चार वर्षांनी परीक्षा घेतली तर तेलुगू आणि गणितात दोन्ही गट बरोबरीचे. हिंदीत मात्र खासगीवाले खूप पुढे, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी जवळपास शिकवतच नव्हते. आणि खासगी शाळांचा एका पोरामागचा खर्च सरकारी शाळेच्या साधारण तिसरा हिस्सा.

या अभ्यासातून जिल्हा परिषदवाले आपल्याला हवं ते उचलतात आणि संस्थाचालक आपल्याला हवं ते. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की नुसती पाटी बदलल्याने पोराचं गणित सुधारत नाही. आमच्याकडे इंग्रजी पाटी असलेल्या प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, तिथं नन कधी फिरकली नसली तरी. पिवळी व्हॅन दारात येते, पोरगं टाय लावून बसतं, आणि आजीला वाटतं नातू कलेक्टर झाला. आंध्रातलं जसंच्या तसं यवतमाळला लागू होईल असंही नाही. अभ्यास कुठला, कुठल्या वर्षांतला, कुठल्या वयाच्या पोरांचा, हे आधी पाहायचं, मग आपल्या गावाला लावायचं.

एक कागद, एक पोरगं, पाच मिनिटं

बीएला असताना मी एका रविवारी असरच्या सर्वेक्षणाला गेले होते. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशभर ग्रामीण भागात होणारी ही पाहणी, पोरांना वाचता आणि गणित करता येतं का याची. त्यात शाळेत नाही, घरी जातात. कारण शाळेत गेलं तर जी पोरं त्या दिवशी आलीच नाहीत ती सुटतात, आणि आपल्याला तर नेमकी तीच हवी असतात. रविवार यासाठी की पोरं घरी सापडतात. आधी गावात फिरून नकाशा काढायचा, गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात दर पाचवं घर घेत पाच घरं. एका गावात वीस घरं, एका जिल्ह्यात तीस गावं. सरपंचांनी आग्रह केला की "आमच्या वाड्यावर या, पोरं हुशार आहेत." तेव्हा आमचे सर म्हणाले, पाचवं घर म्हणजे पाचवंच. त्या एका वाक्यात मला संशोधन काय असतं ते कळलं.

त्याचा कागद इतका साधा आहे की तो कुणीही घरी तयार करू शकतं. एकावर अक्षरं, एकावर सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. आधी उतारा द्यायचा. पोरगं वाक्यासारखं वाचतं का, की एकेक शब्द दगडासारखा ठेवत जातं, ते ऐकायचं. तीनपेक्षा जास्त चुका नसतील तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर मागे येऊन शब्द. पाचपैकी चार जमले तर शब्दांच्या पायरीवर, नाही तर अक्षरं. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी, दोन्ही बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. पोराला एकट्याला घ्यायचं. आई मागे उभी राहून ओठ हलवत असेल तर तिला चहा करायला पाठवायचं. आणि कागद पोराच्या पुस्तकातला घ्यायचा नाही.

हे शेवटचं मी ठेच लागून शिकले. शेजारचा चौथीतला पोरगा, कॉन्व्हेंटचा. त्याची आई कौतुकाने म्हणाली, "इंग्रजी धडाधड वाचते." पुस्तक उघडून दिलं. बोट ओळीवर ठेवून तो सुरू झाला आणि खरंच धडाधड. मला काय वाटलं कोण जाणे, तो दम घ्यायला थांबला तेव्हा मी "वारा आला" म्हणत दोन पानं पुढे उलटली. तो वाचतच राहिला. आधीचाच धडा, शब्दही न चुकता. बोट आता गाईच्या चित्रावरून सरकत होतं. त्याच्या आईने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. नंतर त्याला मराठी उतारा दिला तर "पा... पाव... पाऊस." पोरगा मठ्ठ नाही हो. एवढं पाठ करणारं पोरगं मठ्ठ कसं असेल? त्याला वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्याच्या आईला वाटलं आपलंच नशीब. मी तिला देशाचा आकडा सांगितला. असरच्या २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त पाचवीत बसून दुसरीचं वाचू शकत नाहीत. पण हा आकडा देशाचा आहे, त्यावरून गावच्या गुरुजींना कुणी फैलावर घेऊ नये. ही पाहणी तुमच्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही, ती त्यासाठी केलेलीच नाही. तुमच्या शाळेचं कळायला तुमच्या वर्गातली पोरंच बसवावी लागतील.

आणि महिना पाळा. जुलैत घेतलेली परीक्षा एप्रिलच्या परीक्षेशी ताडून पाहू नका, उन्हाळ्यात पोरं विसरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धी पोरं वावरात असतात, तेव्हा शाळेत जाऊन घेतली तर जी सापडतील ती शाळेत नियमित येणारीच असतील. आम्ही पोळा झाला की घेतो, आणि दरवर्षी पोळा झाला कीच.

शाळेची बाकी माहिती पाहायला यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याचा, अकरा अंकी कोड पुरतो. शाळेच्या पाटीवर असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. त्यावरून ऑनलाइन शाळेचा पट, शिक्षक, खोल्या, संडास, वीज, सगळं निघतं. मी दुकानात फुकट काढून देते. पट भागिले शिक्षक करून पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस पोरांमागे एक शिक्षक हवा. पण आमच्यासारख्या दोनशिक्षकी शाळेत हे गणित फसवं आहे. चाळीस पोरं, दोन शिक्षक, म्हणजे कागदावर वीसला एक. प्रत्यक्षात एक गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की मॅडम एकट्या आणि पुढ्यात चार वर्ग. म्हणून कागदावरचा शिक्षक नाही, मंगळवारी अकरा वाजता वर्गात उभा असलेला शिक्षक मोजा. वीज, संडास, नळ हे सगळं त्या माहितीत आहे. पोराला वाचता येतं का, ते तिथं नाही.

कॉलेजचं गेट आणि आतलं कुलूप

आता कॉलेज. इथं माझं जरा दुखणं आहे, म्हणून हात राखून लिहिते. बारावीनंतर मी बीएस्सीला गेले. गेटवर सोनेरी अक्षरांत 'अ' श्रेणी. दीड वर्षात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप मी चार वेळा उघडलेलं पाहिलं. सर तासिका तत्त्वावरचे, त्यांची ऑर्डर दिवाळीच्या तोंडावर यायची, तोवर आम्ही जांभळाखाली. शेवटी सोडलं आणि बीए केलं. ती श्रेणी खोटी होती असं मी म्हणत नाही. माझ्या वर्षाची नव्हती, एवढंच.

नॅक ही १९९४ साली स्थापन झालेली संस्था कॉलेजांना चारपैकी गुण देत आली आहे. ३.५१ च्या वर ए डबल प्लस, ३.०१ ते ३.२५ ला ए, आणि खाली बी, सी. ही श्रेणी सहसा पाच वर्षांची असते, रंग मात्र जन्मभर टिकतो. म्हणून आधी वर्ष पाहा. मग कॉलेजच्या वेबसाइटवर स्वयंमूल्यांकन अहवाल शोधा. शंभरेक पानांना घाबरू नका. मी दोनच ठिकाणी जाते. दुसऱ्या निकषात मंजूर पदांपैकी पूर्णवेळ शिक्षक किती भरलेत ते असतं, आणि अंतिम वर्षाच्या निकालाची टक्केवारी. पाचव्या निकषात किती पोरं नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली. ही माहिती कॉलेजनेच भरलेली असते, हे विसरायचं नाही. तिथं दहा शिक्षक दाखवले असतील आणि तुमच्या गावचं पोरगं म्हणत असेल की सहाच येतात, तर पोराचं ऐका.

नोकरीच्या पगाराचे बोर्ड तर चहाच्या टपरीवर लागलेत. 'सरासरी पॅकेज' दिसलं की थांबा. दहा पोरांपैकी नवांना महिना बारा हजार आणि एकाला दोन लाख मिळाले, तर सरासरी निघते तीस हजार आठशे, आणि तेवढा पगार त्या दहांत एकालाही नसतो. अशा वेळी मधला पगार विचारायचा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधल्या पोराचा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हाच मधला पगार द्यावा लागतो. शिवाय प्रथम वर्षाला किती शिरले, ठरलेल्या वर्षांत किती पदवीधर झाले, हेही. म्हणजे पुन्हा आपलं तेच, कितीपैकी. आमच्या तालुक्यातली बरीच कॉलेजं त्या क्रमवारीत नसतात. क्रमांक नाही म्हणून कॉलेज वाईट ठरत नाही, पण हेच तीन आकडे प्राचार्यांकडे मागायला कुणाची हरकत नसावी.

मी स्वतः एक वेगळीच वही ठेवते. महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे फॉर्म माझ्याकडेच होतात. कोणत्या कॉलेजचे प्रथम वर्षाचे किती फॉर्म भरले, आणि पुढल्या वर्षी नूतनीकरणाला त्यातले किती परत आले. नावं नाहीत, नुसत्या रेघा. एका कॉलेजच्या रेघा दुसऱ्या वर्षी निम्म्यावर आल्या तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात एकाला सांगितलं, तिथं पोरं टिकत नाहीत. मग जरा लाज वाटून फोन लावले. चौघांनी फॉर्म मोबाइलवरच भरला होता. दोघी लग्न होऊन गेल्या. एकीची सकाळची एसटी बंद झाली होती आणि दुसऱ्या गाडीने पहिले दोन तास बुडायचे. कॉलेजला कंटाळून सोडलेले तिघेच. माझी वही चुकीची नव्हती, मी तिच्यातून भलतंच वाचलं. तेव्हापासून रेघ कमी दिसली की आधी फोन, मग मत.

एसटीचं मात्र मनात राहिलं. बारावीपर्यंत गावातल्या मुलींना पास फुकट असतो, पुढे पैसे पडतात आणि गाडीची वेळ कॉलेजची नसते. कोणतं कॉलेज चांगलं, या प्रश्नात मी आता गाडीचं वेळापत्रक धरते. पहिला तास साडेसातचा आणि गाडी पावणेनऊला पोचत असेल, तर उत्तम प्राध्यापकही त्या मुलीपुरते नाहीत.

कळलं, मग?

एवढं सगळं काढून गावसभेत वाचून दाखवलं तर काय होतं? यावरही अभ्यास झालेत, आणि ते एकमेकांना छेद देतात. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की गावात सभा घेऊन शाळेची माहिती दिली, गावकऱ्यांना पोरांची चाचणी घ्यायलाही शिकवलं, तरी शाळेत काही हललं नाही. जिथं गावातल्या तरुणांना वाचन शिकवायचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी वर्ग घेतले, तिथं जी पोरं आली ती वाचू लागली. उलट पाकिस्तानातल्या पंजाबात ११२ गावांपैकी निम्म्या गावांत शाळांची आणि चाचणी घेतलेल्या पोरांची प्रगतीपत्रकं पालकांना दिली, तर तिथं गुण वाढले आणि खासगी शाळांची फी उतरली. मला वाटतं फरक निवडीचा असावा. त्या गावांत सरासरी सातेक शाळा होत्या, बाप पोराला उचलून दुसरीकडे टाकू शकत होता. आमच्या गावात एक शाळा आणि एक व्हॅन.

म्हणून आम्ही जौनपूरची, गावातल्याच तरुणांनी वर्ग घ्यायची, वाट धरली. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. मीही आहे, पोरगा तिसरीत आहे म्हणून. आधी त्या सभा म्हणजे खिचडीचा तांदूळ आणि सह्या. आता पोळ्यानंतरच्या सभेत मी एकच कागद नेते. नावं नाहीत, चार ओळी : अक्षरावर किती, शब्दावर किती, उताऱ्यावर किती, गोष्टीवर किती. पहिल्या वर्षी गुरुजी चिडले. "आमची परीक्षा घेता का?" मी म्हटलं, सर, कागद तुमच्याकडे ठेवा, पुढल्या वर्षी तुम्हीच घ्या. पुढल्या वर्षी त्यांनीच घेतली, आणि माझ्यापेक्षा कडक. ज्यांना उतारा नीट येतो त्यांनाही त्यांनी एक पायरी खाली टाकलं.

आता दुपारचा एक तास पोरं इयत्तेप्रमाणे बसत नाहीत, पायरीप्रमाणे बसतात. शब्दाच्या पायरीवरचा गट बारावी झालेली एक मुलगी घेते, ओसरीत. शेजारचा तो चौथीतला पोरगा शाळेतून आला की टाय खिशात कोंबून तिथं येऊन बसतो. व्हॅनवाल्याला अजून सांगितलेलं नाही.